परदेशी कंपनीचं काम भारतात बसून करताय? निवृत्तीच्या पैशांबाबत या चुका टाळा

दर जुलैला रिटर्न भरायच्या गर्दीत हे नमुने भेटतातच. कागदावर 'कॉन्ट्रॅक्टर', पैसे डॉलरमध्ये, आणि पीएफचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते कंपनी बघत असेल ना?" जिची भारतात नोंदणीच नाही, ती कंपनी तुमचा पीएफ कुठे भरणार?

जुन्या नोकरीत मूळ पगाराचे १२ टक्के कापले जायचे, तेवढेच मालक घालायचा. ग्रॅच्युइटी वेगळी. आता हे सगळं तुमच्याच बिलातून निघायला हवं. तेव्हा जुना पगार आणि नवं बिल शेजारी मांडून "दीडपट झालं" म्हणत पेढे वाटू नका.

पण माझं डोकं खरं फिरतं ते जुना पीएफ मोडणाऱ्यांमुळे. एकाची इथल्या कंपनीत आठ वर्षं झाली होती. परदेशी काम मिळाल्याबरोबर पीएफ काढून गाडीचं डाउन पेमेंट केलं. बरं, तेवढ्यावर थांबावं! पोर्टलवर पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची (ईपीएस) रक्कम काढायचाही पर्याय दिसला म्हणून फॉर्म १०सी भरून तीही उचलली. तीन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि गडी परत इथल्या नोकरीत लागला. ईपीएसच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते, म्हणजे आपली दोनच राहिली, असा त्याचा हिशोब. मी त्याचंच पासबुक उघडून पैसे काढल्याची नोंद दाखवली. पेन्शनची रक्कम घेतली की ती सेवाही संपली, आता मोजणी शून्यापासून. त्याच १०सीमध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागितलं असतं तर आठही वर्षं जमेला राहिली असती. "पण क्लेम लगेच पास झाला होता हो," म्हणाला. होणारच.

नोकरी सुटली तरी पीएफच्या शिलकीवर ५८व्या वर्षापर्यंत व्याज मिळतं. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तो भरा. त्यासाठी खातं मोडायची गरज नाही. आणि एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असताना पैसे काढलेत तर काढलेल्या रकमेवरही कर बसतो. मी लोकांना एवढंच सांगतो: जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकली का आणि नॉमिनी भरलाय का ते तपासा, मग त्या खात्याकडे ढुंकूनही बघू नका.

तुम्हाला इथल्या मध्यस्थ कंपनीच्या पगारपत्रकावर घेतलं असेल तर स्लिप नीट वाचा. बऱ्याचदा पीएफ १५,००० पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे त्याचे १२ टक्के, महिना १,८०० रुपयेच कापलेला असतो. त्यावर म्हातारपण निघत नाही.

स्वतः उघडायच्या पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खात्यात वर्षाला दीड लाखच भरता येतात. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही.

नवीन करपद्धतीत पीपीएफची किंवा स्वतः भरलेल्या एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजना) वजावट नाही. कॉन्ट्रॅक्टरला पगारदारासारखं दरवर्षी पद्धत बदलत बसताही येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये 'टॅक्स वाचवायला' धावत येणाऱ्यांना मी आधी विचारतो, करपद्धत जुनी की नवी? निम्म्यांना माहीत नसते.

वर्ष संपायच्या आतच भरायचा आगाऊ कर विसरणारे तर विचारू नका. त्याची शेवटची तारीख, १५ मार्च, आली की निवृत्तीचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तिकडे जातात. माझी सवय साधी आहे: परदेशातून पैसे आले की त्याच दिवशी कराचा वाटा एका खात्यात, निवृत्तीचा दुसऱ्यात. उरेल तो पगार. टक्केवारी किती, यावर वाद घालत बसणारे बहुधा एकही खातं उघडत नाहीत.

कंपनीने शेअर दिलेत? सगळं म्हातारपण त्यांच्यावर सोडू नका. काम आणि शेअर दोन्ही एकाच कंपनीच्या भरवशावर राहतात. आणि रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवा, विकले नसले तरी. लपवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो.