फोटो लावण्याचं सॉफ्टवेअर शिकताय? या चुका टाळा

‘इम्पोर्ट’ केलं की फोटो सॉफ्टवेअरच्या पोटात गेले, असं नवशिके धरून चालतात. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या फोटो लावण्या-एडिट करण्याच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग ही नुसती नोंदवही आहे: फोटो डिस्कवर कुठे आहे, त्याला कोणते टॅग, किती तारे, एडिटिंग काय केलं. मूळ फाइल फोल्डरमध्येच राहते. म्हणून फाइल एक्सप्लोररमधून फोल्डर परस्पर हलवलं की नोंदवहीतला पत्ता चुकतो. फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि फोटोवर उद्गारचिन्ह दिसतं.

अशा वेळी घाईघाईने ‘रिमूव्ह’ करून पुन्हा इम्पोर्ट करू नका. कॅटलॉगमधली एडिटिंगची नोंद त्याबरोबर जाते. फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि नवी जागा दाखवा. पुढच्या वेळी फोल्डर हलवायचं तर लाइटरूमच्या आतूनच ओढा.

काहीही न हलवता सगळेच फोटो हरवलेले दिसत असतील, तर बाहेरच्या हार्ड डिस्कचं अक्षर तपासा. काल E असलेली डिस्क आज F म्हणून जोडली गेली तरी विंडोजवर हेच होतं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिला जुनं अक्षर परत द्या. आणि हो, लाइटरूम बंद करताना जो बॅकअप घेतं तो फक्त कॅटलॉगचा. फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर तुम्हालाच ठेवावी लागते.

टॅग लावले, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाहीत? मग ते सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीतच अडकलेत. लाइटरूममध्ये फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. डिजिकॅम या मोफत फोटो-सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जच्या ‘मेटाडेटा’ विभागात टॅग फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू करा. रॉ फोटोंची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलींची) ही माहिती सहसा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये जाते. ती छोटीशी फाइल कचरा समजून उडवू नका, आणि फोटो दुसरीकडे नेताना तिलाही बरोबर न्या. लाइटरूममधली कलेक्शन्स (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (फाइलची प्रत न करता केलेली वेगळ्या एडिटिंगची नोंद) मात्र कॅटलॉगमध्येच राहतात.

तारखांचा घोळ वेगळाच. ‘डेट मॉडिफाइड’ म्हणजे फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ. तिच्यावरून फोटो लावले तर जुना फोटो एडिट करताच आजच्या ढिगात येतो. ‘डेट टेकन’, म्हणजे फोटो काढल्याची वेळ बघा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलींत ती नसते. त्यांच्या आयएमजी-20240312-डब्ल्यूए0007 अशा नावातली तारीख फोटो काढल्याची नाही. कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलं असेल, तर सगळ्या फोटोंना एकच वेळ चिकटवू नका. त्याच क्षणी मोबाइलने काढलेल्या एखाद्या फोटोशी ताडून फरक काढा आणि लाइटरूमच्या ‘एडिट कॅप्चर टाइम’मधून सगळे फोटो तेवढेच पुढे-मागे सरकवा. फोल्डरची नावं 2024-03-12 अशी, वर्ष आधी घेऊन द्या. 12-3-2024 लिहिलंत तर वेगवेगळ्या वर्षांचे बारा तारखेचे फोल्डर एकत्र येतात.

डुप्लिकेट शोधताना आपोआप डिलीट नकोच. सारखे दिसणारे सलग फोटो किंवा रॉ आणि जेपीईजीची जोडीही त्यात सापडते.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ॲपमधून डिलीट केला, तर तो फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. ट्रॅशमध्ये 60 दिवस मिळतात, तोवर ‘रिस्टोर’ करा. फोनमधली जागाच मोकळी करायची असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. त्याने क्लाउडवरची प्रत राहते.