ब्रिटनमधली सायन्स पॉलिसी इंटर्नशिप: पीएच.डी. करणाऱ्यांनो, या चुका टाळा

दरवर्षी अर्जाच्या दिवसांत ओळखीतली मुलंमुली मला त्यांची धोरणटिपणं, म्हणजे एखाद्या धोरणप्रश्नावरची छोटी टिपणं, वाचायला पाठवतात. बहुतेकांची सुरुवात एकाच छापाची असते: “अमुक प्रथिन अमुक पेशींत जास्त प्रमाणात आढळतं.” विज्ञान पक्कं, संदर्भ चोख, आणि तरीही मला पहिल्या परिच्छेदातच काळजी वाटू लागते. कारण हे टिपण गाइडला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते वाचणार असतो खासदार किंवा एखाद्या खात्यातला अधिकारी. त्याला उद्या सकाळी काहीतरी ठरवायचं असतं.

योजना थोडक्यात सांगतो. मेडिकल रिसर्च कौन्सिलसह सात संशोधन परिषदा ज्या यूकेआरआय (यूके रिसर्च अँड इनोव्हेशन) या छत्राखाली येतात, ती संस्था आपल्या पैशावर पीएच.डी. करणाऱ्यांना तीन महिने धोरणाच्या कामासाठी पाठवते. संसदेचं विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालय, ज्याला सगळे ‘पोस्ट’ म्हणतात, सरकारी खाती, अकॅडमी ऑफ मेडिकल सायन्सेस, रॉयल सोसायटी अशा ठिकाणी हे काम असतं. स्टायपेंड चालू राहतो आणि थिसिसची मुदत तेवढीच पुढे जाते. २०२१ पासून यूकेआरआयच्या पूर्ण शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू लागल्या, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांनाही हा रस्ता मोकळा झाला आहे.

टिपण थिसिससारखं लिहिणं

सगळ्यांत जास्त अर्ज इथे अडतात, म्हणून इथे जरा थांबू.

थिसिसमध्ये आपण पार्श्वभूमीपासून निघतो आणि निष्कर्षाला पोचतो. धोरणटिपणात प्रश्न आधी येतो: काय ठरवायचं आहे, कोणी ठरवायचं आहे, आणि आत्ताच का? एचपीव्ही या कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूवरच्या लसीचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलींना ती २००८ पासून मिळते, मुलांना २०१९ पासून. लॅबमधला विद्यार्थी लिहील की हा विषाणू पुरुषांतही कर्करोग घडवतो, म्हणून लस द्यावी. पण धोरणाचा पेच तिथे नव्हताच. मुलींमध्ये लसीकरण भरपूर झालं की मुलांनाही आपोआप बरंच संरक्षण मिळतं. मग मुलांना टोचण्याच्या खर्चातून वरचा फायदा किती? आणि समलिंगी संबंध असलेल्या पुरुषांना मुलींच्या लसीकरणाचा आडोसा मिळत नाही, त्यांचं काय? ब्रिटनच्या लसीकरण समितीने २०१७ मध्ये खर्चाच्या हिशेबावर प्राथमिक मत नकारार्थी दिलं आणि २०१८ मध्ये मुलांनाही लस देण्याची शिफारस केली. तुमच्या टिपणात हा हिशेब दिसला पाहिजे. विषाणूच्या प्रथिनांना एक वाक्य पुरे.

उपाय म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. पहिला खर्डा झाला की शेवटचा परिच्छेद उचलून वर ठेवा आणि पद्धतीवरचा मजकूर पूर्ण काढा. मग विज्ञान न शिकलेल्या घरच्या कुणालातरी फोनवर वाचून दाखवा. जिथे “म्हणजे काय गं?” असं विचारलं जाईल, तिथे वाक्य बदला.

टक्केवारीत बोलणं

“धोका दुप्पट झाला” हे वाक्य शोधनिबंधात चालून जातं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल असाच इशारा निघाला: रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट. प्रत्यक्षात तो साधारण ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्त गर्भपात झाले, असा अंदाज आहे. मला हे उदाहरण विसरता येत नाही. टिपणात धोका लिहाल तेव्हा “इतक्या लोकांमागे इतके” असाच लिहा. ही सवय वैद्यकीय संशोधकांनी तर आधी लावून घ्यायला हवी.

सगळ्या संस्थांना एकच मोजमाप लावणं

‘पोस्ट’ संसदेचं आहे, सरकारचं नाही. अर्जात या दोघांची गल्लत झाली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘पोस्टनोट’, म्हणजे ‘पोस्ट’चं छोटं टिपण, सगळ्या पक्षांच्या खासदारांसाठी असते, त्यामुळे तिच्यात “सरकारने असं करावं” हे वाक्य बसत नाही. अकॅडमीसारखी संस्था मात्र स्वतःची भूमिका घेते. तिथे शिफारस न करता थांबलात तर काम अर्धवट राहिलं. सरकारी खात्यात तुम्ही मंत्र्यांच्या धोरणासाठी काम करता आणि कार्यालयातलं बोलणं बाहेर नेत नाही. तीन ठिकाणांना तीन वेगळे अर्ज लिहा.

तटस्थ राहणं कठीण जातं, विशेषतः विषय जिव्हाळ्याचा असेल तेव्हा. ३ फेब्रुवारी २०१५ रोजी ब्रिटिश कॉमन्स सभागृहाने मायटोकॉन्ड्रियाच्या दानाला (आईचा आनुवंशिक आजार मुलात जाऊ नये म्हणून दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातले निरोगी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे भाग, वापरायला) ३८२ विरुद्ध १२८ मतांनी परवानगी दिली. त्या वेळी चर्चेसचे आक्षेप होते, पुढच्या पिढ्यांच्या सुरक्षिततेचे प्रश्न होते, आणि आनुवंशिक आजारांनी मुलं गमावलेले आईबापही होते. अशा विषयावर लिहिताना ज्या बाजूशी तुमचं पटत नाही, तिचा मुद्दा इतका नीट मांडा की त्या बाजूच्या माणसाने म्हणावं, “हो, आमचं म्हणणं हेच आहे.”

फक्त पबमेडवर विसंबणं

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, सापडणारे शोधनिबंध हवेतच. पण खात्यांचे अहवाल, समित्यांपुढच्या साक्षी, रुग्णसंघटनांची निवेदनं हेही पुरावेच आहेत. शिवाय माणसांशी बोलावं लागतं: डॉक्टर, औषध कंपन्या, अधिकारी, रुग्ण. माझ्या इंटर्नशिपमध्ये पहिले दोन आठवडे मी नुसता वाचत बसलो आणि मुलाखतींच्या ईमेल उशिरा पाठवल्या. महत्त्वाच्या माणसांनी शेवटच्या आठवड्यातल्या तारखा दिल्या. ईमेल पहिल्याच आठवड्यात पाठवा. विषय पुरता समजलेला नसला तरी चालेल.

‘यूके’ म्हणून मोकळं होणं

आरोग्याचा कारभार इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये वेगवेगळा आहे. नकार नोंदवला नसेल तर अवयवदानाला संमती धरायची, हा नियम वेल्समध्ये २०१५ साली आला, इंग्लंडमध्ये २०२०, स्कॉटलंडमध्ये २०२१ आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०२३ साली. “यूकेमध्ये असा कायदा आहे” असं सरसकट लिहिलं तर वर्षही चुकतं आणि सरकारही.

लॅबमधली घडी न बसवता निघणं

गाइडला शेवटच्या आठवड्यात सांगू नका. त्यांची संमती लागते, आणि त्यांची खरी भीती वेळेपेक्षा प्रयोगांची असते: उंदरांची वसाहत कोण सांभाळणार, रुग्णांची भरती मध्येच थांबली तर काय, पेशी गोठवून ठेवता येतील का. त्यांच्याकडे जाताना हे सगळं एका कागदावर लिहून न्या. शक्य असेल तर तीन महिने अशा टप्प्यावर धरा, जिथे एक प्रयोग संपला आहे आणि दुसरा सुरू व्हायचा आहे. कागद हातात असला की बहुतेक गाइड नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

व्हिसा आणि सुरक्षा पडताळणी

स्टुडंट व्हिसावर असाल तर अर्जाआधीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. आठवड्याला २० तासांची मर्यादा तुमच्या इंटर्नशिपला लागू होते की ती अभ्यासक्रमाचा भाग धरली जाते, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. संसद आणि काही सरकारी खाती सुरक्षा पडताळणी करतात. तिला आठवडे लागतात, आणि काही पातळ्यांवर ब्रिटनमध्ये काही वर्षं राहिल्याची अट असते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही अट अडवू शकते; तसं असेल तर आधी अकॅडमी किंवा रॉयल सोसायटीकडे चौकशी करा आणि संसदेचा अर्ज तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.