रेझ्युमे अपलोड करताना आलेल्या अडचणी: सांगलीहून एक अनुभव

बी.कॉम. झाल्यावर कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी तीन वर्षे काम केले आणि त्यानंतर पुण्यातील नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज करू लागलो. रेझ्युमे विश्रामबागेतील एका डीटीपीच्या दुकानातून करून घेतला होता. डाव्या बाजूच्या निळ्या पट्टीत फोटो, मोबाईल क्रमांक आणि टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), जीएसटी अशी कौशल्ये होती, तर उजव्या बाजूला शिक्षण आणि अनुभव होता. छापील प्रत इतकी नीटनेटकी दिसत होती की घरात सर्वांनी ती कौतुकाने हातात घेऊन पाहिली.

तीच फाईल नोकरीच्या संकेतस्थळावर चढवली तेव्हा अर्जातील रकाने आपोआप भरले गेले. नावाच्या जागी ‘रेझ्युमे’ हा शब्द आला, मोबाईल क्रमांकाची जागा कोरी राहिली आणि विद्यापीठाच्या नावात ‘टॅली शिवाजी विद्यापीठ जीएसटी’ असे उमटले. संकेतस्थळात बिघाड असावा असे समजून मी तीच फाईल पुन्हा पुन्हा चढवली आणि दर वेळी सगळी माहिती हाताने दुरुस्त केली. एकदा दुरुस्ती अर्धी झाली असताना मुदत संपून पान बंद पडले आणि अर्ज पहिल्यापासून भरावा लागला. त्या रात्री मला खरोखर रडू आले.

दोष मांडणीत होता, हे मला फार उशिरा समजले. आपण पान चित्रासारखे पाहतो, पण संकेतस्थळाची यंत्रणा फाईलमधील केवळ अक्षरे उचलते आणि बहुतेक वेळा ती एका ओळीत डावीकडून उजवीकडे वाचत जाते. त्यामुळे दोन रकाने शेजारी असले की डावीकडचे कौशल्य आणि उजवीकडचे शिक्षण एकाच वाक्यात मिसळते. वर्डमधील टेक्स्ट बॉक्स आणि पानाच्या माथ्यावरील हेडर पुष्कळदा वाचलेच जात नाहीत, आणि माझा मोबाईल क्रमांक नेमका हेडरमध्ये होता. स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरे नसतातच, केवळ छायाचित्र असते.

हे तपासण्याची एक सोपी रीत आहे आणि नवीन उमेदवारांनी ती पहिल्याच दिवशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रेझ्युमे उघडून सगळा मजकूर निवडावा, कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तोच यंत्रणेला दिसतो. डिझाइनच्या तयार साच्यातून काढलेल्या पीडीएफमध्ये इंग्रजी ‘ऑफिस’ या शब्दातील दोन एफ आणि आय ही जोडून छापलेली अक्षरे कधीकधी पेस्ट करताना गळून पडतात. त्यामुळे ‘एमएस ऑफिस’ येते, असे लिहूनही ते कौशल्य शोधात सापडत नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे विशेष होतो. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते, आणि मीही रेझ्युमेवर तसेच लिहिले होते. संकेतस्थळाने आडनावाला नाव समजले आणि वडिलांच्या नावाला आडनाव. पुढे एका कंपनीतून फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनी मला वडिलांच्याच नावाने हाक मारली. आता मी आधी स्वतःचे नाव आणि मग आडनाव एवढेच लिहितो. गुणपत्रिकेवरील पूर्ण नाव कागदपत्रे पडताळण्याच्या वेळी लागते, त्यामुळे अर्जात त्यासाठी वेगळा रकाना असला तरच ते तिथे भरतो.

पतसंस्था किंवा शाळेसाठी मराठीत रेझ्युमे द्यायचा असेल तर तो युनिकोडमध्येच, म्हणजे कुठेही पेस्ट केला तरी मराठी अक्षरे मराठीच राहतील अशा पद्धतीने, टाईप करून मागावा. डीटीपीच्या दुकानांत अजूनही जुने फॉन्ट वापरले जातात. त्यांत छापलेली प्रत सुंदर मराठीत दिसते, परंतु तीच अक्षरे दुसरीकडे पेस्ट केली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची अर्थहीन रांग उमटते. युनिकोड असूनही पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीत वेलांट्या आणि जोडाक्षरे पुष्कळदा विस्कटतात, म्हणून संकेतस्थळ स्वीकारत असेल तर मराठी रेझ्युमे डॉक्स (वर्डची फाईल) स्वरूपातच चढवावा.

शेवटी मी घरच्या लॅपटॉपवर एका रकान्याचा साधा रेझ्युमे स्वतः टाईप केला. त्यात फोटो, तक्ता किंवा चौकट ठेवली नाही, मोबाईल क्रमांक नावाच्या खालीच लिहिला आणि प्रत्येक नोकरीपुढे महिना व वर्ष एकाच पद्धतीने दिले. तो चढवल्यावर नाव, मोबाईल आणि विद्यापीठ आपापल्या जागी आले. केवळ गुणांची टक्केवारी हाताने भरावी लागली. निळ्या पट्टीची प्रत मी टाकून दिलेली नाही. मुलाखतीला जाताना ती छापून सोबत नेतो, कारण तिथे कागद माणसाच्या हातात जातो.