अफगाण युद्धाची जुनी रंगीत चित्रं घेताना काय बघायचं

कुलाब्याचं अफगाण चर्च ज्या युद्धात मेलेल्यांसाठी बांधलं, त्याच पहिल्या अफगाण युद्धाची ही चित्रं. जेम्स अ‍ॅटकिन्सन हा इंग्रज फौजेबरोबर गेलेला सर्जन, त्याने १८३९-४० मधे, सिंधपासून काबूलपर्यंत स्केचेस काढली, मग लुई हाग या चित्रकाराने ती छपाईच्या दगडावर उतरवली आणि १८४२ ला लंडनमधे छापली गेली. वर्ष बघून कोणी "ही काबूलहून माघार घेतानाची" असं सांगितलं तर ऐकू नका, माघार जानेवारी १८४२ ची आणि चित्रं सगळी त्याआधीची आहेत.

पहिलं काम, फ्रेम उघडायला सांगा. काचेतून काहीच कळत नाही, आणि विकणारा उघडत नसेल तर सरळ निघा. दहापट भिंग जवळ ठेवा. शिळाछाप, म्हणजे अशा दगडावरून छापलेलं चित्र असेल तर रेषा खडूने खरखरीत भिंतीवर ओढल्यासारखी तुटक दाणेदार दिसते, एका मापाचे रांगेतले ठिपके दिसले तर ते नंतरचं ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई, कितीही जुनं पिवळं दिसलं तरी. बरेच जण चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा कागदावर उमटलेला दाब शोधतात, तो तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांना असतो, टिपूच्या श्रीरंगपट्टणची बरीच चित्रं तशी आहेत, पण दगडावरच्या छापाला तो नसतोच, त्यामुळे इथे नाही म्हणून घाबरू नका.

आता रंग, खरी गंमत इथेच आहे. हाताने भरलेला वॉटरकलर कुठेतरी रेषेबाहेर जातो, कडेला साचून गडद होतो, आणि त्याच चित्राच्या दोन प्रती कधीच सारख्या नसतात, म्हणून एखाद्या म्युझियमचा स्कॅन मोबाईलवर उघडून शेजारी धरा, रंग तंतोतंत जुळला तर संशय घ्या. पण हाताचा रंग म्हणजे जुना रंग असं नाही हं. नुसत्या मातकट छटेच्या प्रतीही निघाल्या होत्या, त्या आत्ता कोणीतरी रंगवून महाग विकतो. मी असं एक घेतलंय, घरी आल्यावर दिसलं की निळा रंग तपकिरी डागांच्या वरून गेलाय, म्हणजे डाग आधीचे आणि रंग नंतरचा. मला विचाराल तर नव्याने रंगवलेल्यापेक्षा बिनरंगाची प्रत कधीही चांगली.

घरी आणल्यावर पाणी अजिबात लावू नका, रंग पसरतो. सेलोटेप, लॅमिनेशन, फेविकॉल काही नको. अ‍ॅसिड-फ्री बोर्डावर वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या, बास, आणि काच चित्राला टेकता कामा नये. ऊन येणारी भिंत नको, पावसाळ्यात ओल धरणारी तर नकोच, बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

आणि परदेशातल्या भावाबहिणीला गिफ्ट म्हणून पाठवायचा विचार असेल तर थांबा, शंभर वर्षांवरची कलावस्तू १९७२ च्या कायद्याने आपल्याला अशी देशाबाहेर पाठवता येत नाही.