भाचरं घरी आली, आता कागदं कोणती गोळा करायची

माझी बहीण गेली तेव्हा तिची दोन लेकरं माझ्याकडे आली, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाचचा, वडील त्याच्या दोन वर्षं आधीच गेलेले. सुरुवातीला मला वाटायचं मी सख्खी मावशी, मला कागद कोण मागणार, पण शाळेत, बँकेत, दवाखान्यात सगळीकडे तोच प्रश्न, तुम्ही यांच्या कोण? म्हणून आत्ता ज्या आजी, मामी, काकू, आत्याच्या घरी अशी लेकरं आलीत त्यांच्यासाठी ही तयारी लिहितेय, जमेल तसं एकेक करत जा, एका दिवसात काही होत नाही.

सगळ्यात आधी एक जाड फाइल आणा. त्यात आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, निदान पाच-सहा प्रती काढून ठेवा, कारण प्रत्येक ऑफिस एक ठेवून घेतं. मुलांचे जन्मदाखले, आधार, आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाइड, तुमचं आधार आणि पासबुक, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटोसुद्धा लागतो, तो आत्ताच काढून चार प्रिंट घ्या. मुलांची नावं तुमच्या रेशनकार्डवर चढवायचा अर्ज पण लगेच टाका, त्याला वेळ लागतो.

आता एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नाही आणि त्यापायी माझं अख्खं वर्ष गेलं. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने निघतो. मुलं आईच्या माहेरी राहत असतील तर वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यांचं जातप्रमाणपत्र असेल तर ते, आजोबांचा जुना दाखला किंवा गावच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा, हे सगळं मुलांच्या काका-आजोबांकडून पहिल्या दोन महिन्यातच मागून घ्या. तेव्हा सगळ्यांचं मन हळवं असतं, देतात. पुढे जमिनीचा, घराचा विषय निघाला की बोलणं बंद होतं आणि मग तो एक कागद मिळवायला हातापाया पडावं लागतं. मुलगी बारावीला गेल्यावर हे आठवून उपयोग नाही, आत्ताच करा, आणि त्या घराशी संबंध शक्यतो तोडू नका, तिकडची आजी पण लेकरांची आजीच आहे.

मग आईवडिलांची बँकेची पासबुकं एन्ट्री मारून आणा आणि नीट बघा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले असतील तर जीवनज्योती विमा आहे, २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा आहे, पहिल्यात मृत्यू कशानेही झाला तरी आणि दुसऱ्यात अपघातात दोन लाख, कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. तेवढी एन्ट्री दिसली की त्याच बँकेत लगेच क्लेमचा फॉर्म मागा. दोघांपैकी कुणाचा पीएफ कापला जात असेल तर त्यात अनाथ मुलांना पेन्शन असते, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, एका वेळी दोघा मुलांना.

आता मुख्य काम. एजंटकडे जाऊ नका, सायबर कॅफेवाल्याला हजार रुपये देऊ नका, अर्जाला फी नसते. सरळ जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जा आणि तिथे जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुठे आहे ते विचारा. योजनेचं नाव घेऊन विचारा, नुसतं काही मदत मिळते का म्हणलात तर नाही म्हणतील, मला एका ऑफिसात दोन वेळा नाहीच सांगितलं होतं. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिन्याला मुलामागे २२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. दोन्ही पालक नसले तरच मिळते असं नाही, एक पालक गेलेला, तुरुंगात असलेला, गंभीर आजारी, घटस्फोट झालेला, अशा मुलांना पण आहे. दुसरी मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या कार्यक्रमातली प्रायोजकत्व योजना, तिच्यात महिन्याला ४००० रुपये, पण वर्षाचं उत्पन्न खेड्यात ७२ हजार आणि शहरात ९६ हजाराच्या आत लागतं. दोन्हीतली कोणती आपल्याला बसते ते तिथेच बसून स्पष्ट करून घ्या. आणि दोन्ही आईवडील गेलेले असतील तर अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज पण त्याच कार्यालयात मागा, नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांनाही संस्थाबाह्य, म्हणजे अनाथाश्रमाबाहेरची, म्हणून ते मिळतं, शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट.

शाळेचं थोडक्यात, जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, तसं कायद्यातच आहे. वर्गशिक्षिकेला मात्र एकटीला भेटून सगळं सांगा, म्हणजे आईला पत्र लिहा असला निबंध आला की त्या सांभाळून घेतात.

आणि तुम्ही स्वतः. बहीण गेल्याचं दुःख मला पण होतं पण रडायला वेळच नव्हता, रात्री भाचा उठून आई म्हणून हाक मारायचा आणि मी ओ द्यायची. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, मी दोनदा फोन केला, लाज वाटून घेऊ नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आजी ६५ च्या पुढची असेल तर तिच्या नावाने श्रावणबाळ या म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शन योजनेचं तहसीलमध्ये विचारा. घरातल्या कुणा एकाला आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांकडे बघायला सांगून ठेवा, मोघम नको, वार ठरवून.

अर्जानंतर घरी भेट द्यायला माणूस येतो, त्या दिवशी घर सजवायची गरज नाही. मग बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, बोलावतात आणि तिचा आदेश हाच सगळ्यात मोलाचा कागद, पुढे तुम्ही कोण विचारलं की तोच दाखवायचा, त्याच्या पण प्रती काढा. समितीपुढे मुलांना घेऊन जायचं असतं, नंबर यायला दुपार होते, म्हणून डबा, पाणी, चित्राची वही सोबत घ्या. काय बोलायचं ते पढवू नका. माझ्या भाचीला त्या मॅडमनी विचारलं कुठे राहायला आवडेल, ती म्हणाली मावशीकडे, पण आईचा फोटो भिंतीवर पाहिजे. त्याच संध्याकाळी खिळा ठोकला.