एनडीए-एसएसबीच्या ग्रुपवर सल्ला मागताना, देताना आणि मानताना

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) प्रवेशपरीक्षेचा लेखी निकाल लागला की व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरचे ग्रुप रात्रभर वाजत राहतात. लेखी पास झालेल्यांची पुढची पाच दिवसांची निवडचाचणी म्हणजे एसएसबी, तिलाच ग्रुपवर ‘बोर्ड’ म्हणतात. ‘भोपाळ बोर्ड कसा आहे?’, ‘चष्मा चालतो का?’, ‘माझा चान्स आहे का?’ विचारणारा सतरा-अठरा वर्षांचा असतो. उत्तर देणारा कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्या उत्तराच्या भरवशावर तो कधी मुदत चुकवतो, तर कधी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून मोकळा होतो. म्हणून कुठलाही सल्ला वाचताना आधी एवढं ओळखावं, की सांगणारा नियम सांगतोय की स्वतःचा अनुभव. नियमाचा निवाडा ग्रुपवर होत नाही, तो छापील जाहिरातीत असतो. अनुभव मात्र जाहिरातीत सापडत नाही, त्यासाठी माणसंच लागतात.

आधी जाहिरात उघडा

केंद्रीय लोकसेवा आयोगाची जाहिरात लांबलचक असते, म्हणून ती न वाचताच प्रश्न टाकले जातात. वयाचंच घ्या. ‘साडेसोळा ते साडेएकोणीस’ असं सगळे सांगतात आणि ढोबळमानाने ते बरोबरही आहे. पण जाहिरातीत जन्मतारखांची दोन टोकं दिलेली असतात आणि ती प्रत्येक कोर्सला (तुकडीला) बदलतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख त्या दोन टोकांच्या आत बसते का, हे बघायला मिनिटभर पुरतं. ‘दादा, माझं १९ वर्षं ४ महिने चालेल का?’ या प्रश्नाला कोर्सचं नाव कळल्याशिवाय कोणीच नीट उत्तर देऊ शकत नाही.

शाखेचंही तसंच. लष्कराच्या विंगसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते; हवाई दल, नौदल आणि नौदल अकादमीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. गुणांची विभागणीही पक्की आहे: गणित ३००, सामान्य क्षमता चाचणी ६००, एसएसबी ९००, आणि लेखीत चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात.

सगळ्यात जास्त फटका मुदतीच्या बाबतीत बसतो. लेखी पास झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. ती न करता ग्रुपवर ‘कोणाला मेल आला का?’ विचारत बसलेली मुलं दर निकालानंतर दिसतात. कोणाला मेल आला यावर तुमची मुदत थांबत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक खास अडचण इथेच सांगायला हवी. आपल्या राज्य शिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम उलटा असतो, कधी वडिलांचं नाव गाळलेलं असतं, कधी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त असतो. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे जसंच्या तसं भरा. तफावत असेल तर आधारची दुरुस्ती लेखीच्या आधीच उरकून घ्या. ‘माझं तर चाललं’ असं कोणी म्हणालं तरी तो त्याचा अनुभव झाला, नियम नव्हे.

प्रश्न लिहिण्याची रीत

चांगल्या प्रश्नात उत्तर देणाऱ्याला लागणारी सगळी माहिती एकाच मेसेजमध्ये असते: एंट्री (भरतीचा मार्ग) कोणती, कितवा बोर्ड, केंद्र कोणतं, सध्या कुठल्या टप्प्यावर आहात, काय वाचून झालंय आणि नेमकं कुठे अडलंय. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. एनडीए लेखी पास, पहिली पसंती लष्कर. पहिलाच बोर्ड, भोपाळ, पुढच्या महिन्यात १२ तारखेला रिपोर्टिंग. कॉल लेटरमधली कागदपत्रांची यादी वाचली. बारावीची मूळ गुणपत्रिका कॉलेजात जमा आहे, प्राचार्यांचं पत्र मिळतंय. भोपाळला अशा वेळी काय मागितलं, हे अलीकडे जाऊन आलेल्यांपैकी कोणी सांगेल का?’

याला दहा मिनिटांत कामाचं उत्तर येतं. ‘सर प्लीज गाइड, एसएसबी कशी क्रॅक करू?’ याला येत नाही, कारण त्याचं उत्तर चार महिन्यांचं आहे.

आणखी काही साध्या गोष्टी. प्रश्न आधी ग्रुपमध्ये शोधा. ‘रिपोर्टिंगला काय न्यायचं’ हे आठवड्यातून तीनदा विचारून झालेलं असतं. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकू नका, तो कोणी नंतर शोधू शकत नाही. न विचारता कोणाच्या वैयक्तिक चॅटमध्ये जाऊ नका. उत्तर सगळ्यांसमोर आलं की चुकलेलं दुसरा कोणी दुरुस्त करतो. खासगीत आलेलं चुकीचं उत्तर तसंच राहतं. ‘सर’, ‘मॅडम’, ‘दादा’, ‘ताई’ यांपैकी समोरच्याला साजेसं संबोधन वापरा. निवृत्त अधिकाऱ्याला ‘ब्रो’ म्हटल्याने जवळीक वाढत नाही. आणि सेवेतल्या कोणाला ‘बोर्डात ओळख आहे का?’ असं कधीही विचारू नका. त्या एका प्रश्नानंतर तो माणूस ग्रुपवर बोलायचा थांबतो, आणि ते नुकसान सगळ्यांचं असतं.

कोणाच्या बोलण्याला किती वजन

रेकमेंड झालेल्याचं (एसएसबीने निवडलेल्याचं) म्हणणं सगळे डोळे मिटून घेतात. त्याच्याकडून पाच दिवसांचा क्रम, झोपेचं गणित, मैदानावरचे बूट, जेवणाच्या वेळा असं पुष्कळ शिकता येतं. पण तो का निवडला गेला हे त्यालाही कळलेलं नसतं. बोर्ड कारणं सांगत नाही. ‘मी लेक्चरेटला (छोट्या भाषणाला) सोपा विषय घेतला म्हणून झालो’ हा त्याने मागाहून लावलेला अर्थ असतो. शेजारच्या चेस्ट नंबरच्या उमेदवाराने तसाच विषय घेतला आणि तो कॉन्फरन्स आउट झाला, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या बैठकीपर्यंत जाऊनही निवडला गेला नाही, ही गोष्ट त्याच्या सांगण्यात येत नाही.

उलट चार वेळा कॉन्फरन्सपर्यंत जाऊन परत आलेल्या रिपीटरला लोक मोजत नाहीत. प्रक्रियेची माहिती त्याच्याकडे सगळ्यात जास्त असते, आणि वेगवेगळी केंद्रं पाहिलेली असल्याने ‘इथे असं, तिथे तसं’ हे तोच सांगू शकतो. त्याच्याकडून टप्पे समजून घ्या. निवडीची कारणं मात्र त्यालाही विचारू नका. स्क्रीन आउट झालेले (पहिल्याच दिवशी बाहेर पडलेले) बहुधा गप्प बसतात, त्यामुळे पहिल्या दिवसाबद्दल ग्रुपवरचं चित्र नेहमी थोडं जास्त गोड असतं, हेही ध्यानात ठेवा.

खरी गोची होते ती बरोबर पण दुसऱ्याच एंट्रीच्या सल्ल्याने. सीडीएसचा (पदवीधरांसाठीच्या परीक्षेचा) एखादा उमेदवार मनापासून सांगतो, ‘लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायची शस्त्रक्रिया) चालतं, मी केलंय.’ त्याच्यापुरतं ते खरं असू शकतं, कारण त्या नियमात वयाची २० वर्षांची अट आहे. एनडीएला जाणारा मुलगा विसाच्या आतच असतो, मग ती अट तो पुरी कशी करणार? त्याने हा सल्ला ऐकून शस्त्रक्रिया केली तर चष्म्याच्या मर्यादेत बसत असलेला मुलगा स्वतःच्या हाताने बाहेर पडतो. तसंच सीपीएसएसचं. वैमानिकासाठीची ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. ‘सहज देऊन बघ, अनुभव मिळेल’ हे लेखीच्या बाबतीत ठीक आहे, या चाचणीच्या बाबतीत घातक आहे. म्हणून कुठल्याही सल्ल्यानंतर दोन गोष्टी विचारा: कुठल्या एंट्रीचं आहे, आणि कुठल्या वर्षीचं?

रँकचा प्रश्नही असाच. अलीकडच्या जाहिरातींत एनडीएच्या ३७० जागा असतात: लष्कर २०८, नौदल ४२, हवाई दल १२०. नौदल अकादमीच्या जागा वेगळ्या आणि बदलत्या. गुणवत्ता यादी लागते तेव्हा वैद्यकीय तपासणीचे निकाल तिच्यात धरलेले नसतात. त्यामुळे यादीत जागांहून जास्त नावं असतात आणि नंतर कोणी वैद्यकीय कारणाने, कोणी कागदपत्रांमुळे, कोणी दुसरीकडे प्रवेश घेऊन गळतो. आपल्या रँकपर्यंत बोलावणं येईल का, हे अशा वेळी ग्रुपवरचा कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. मागच्या दोन-तीन कोर्सना तुमच्या पसंतीच्या दलात शेवटचा रँक कितीवर थांबला, हे विचारा. त्यावरून अंदाज बांधता येतो, आणि अंदाज म्हणूनच तो ठेवावा.

तयार गोष्टी आणि पाठ उत्तरं

ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरतात त्या टीएटीच्या (चित्र पाहून गोष्ट लिहिणं) तयार गोष्टी, डब्ल्यूएटीची (शब्दावरून वाक्य) वाक्यं आणि एसआरटीच्या (दिलेल्या प्रसंगात काय कराल) उत्तरांच्या पीडीएफ. त्या मागू नका, पाठवू नका. डब्ल्यूएटीत ६० शब्द येतात आणि प्रत्येकाला १५ सेकंद मिळतात. एसआरटीत ३० मिनिटांत ६० प्रसंग असतात. पाठ केलेलं आठवण्यात चार-पाच सेकंद गेले की पुढचा शब्द पडद्यावर येतो आणि मुलगा मागे पडत जातो. ही झाली वरवरची अडचण.

त्याखालची अडचण अशी, की एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ (मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी) हे तिघं तुम्हाला स्वतंत्रपणे पाहतात. मनसा, वाचा, कर्मणा असं या पद्धतीचं वर्णन केलं जातं. कागदावर पूरग्रस्तांसाठी गाव उठवणारा नायक, मुलाखतीत मात्र कॉलेजच्या एकाही कार्यक्रमात भाग न घेतल्याची कबुली, आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कला (गटाने अडथळे पार करण्याच्या मैदानी चाचणीत) फळी हातात घेऊन मागे उभा, असं तिघांना तीन वेगळी माणसं दिसली की कॉन्फरन्सला प्रश्न पडतोच. पीआयक्यू फॉर्म (स्वतःच्या माहितीचा) भरतानाही हेच लक्षात ठेवा. मुलाखतीचे बरेच प्रश्न त्यातूनच निघतात. ‘ट्रेकिंग हा छंद लिही, चांगला दिसतो’ हा सल्ला ज्याने राजगड पाहिला नाही त्याच्या कामाचा नाही. शेतीत बापाबरोबर पाणी धरायला जाणारा मुलगा ठिबकचा दाब, मोटारीचं वेळापत्रक, कांद्याचा खर्च यावर अर्धा तास बोलू शकतो. त्याने तेच लिहावं.

सराव हवाच असेल तर ग्रुपचा खरा उपयोग इथे आहे. चित्रं आणि शब्द स्वतः तयार करा, वेळ लावून लिहा आणि एकमेकांचं तपासा. बोर्डात प्रत्यक्ष आलेली चित्रं, शब्द किंवा प्लॅनिंगचा नकाशा बाहेर आल्यावर कोणाला सांगू नये आणि कोणाला विचारू नये.

सल्ला देणाऱ्यांसाठी

उत्तराच्या सुरुवातीला एक ओळ लिहा: ‘एनडीए, बेंगळुरू, मागच्या वर्षी, दुसरा बोर्ड.’ पुढचं सगळं त्या ओळीच्या उजेडात वाचलं जातं. नियम सांगत असाल तर जाहिरातीतला परिच्छेद क्रमांक द्या. माहीत नसेल तर लिहू नका. ‘बहुतेक चालेल’ या दोन शब्दांनी अनेकांची वर्षं गेली आहेत. ‘तू पक्का होशील’ असंही म्हणू नका आणि ‘तुझं इंग्रजी बघता अवघड आहे’ असंही नको. नुकताच परत आलेला मुलगा पहिले दोन दिवस कोणाचं विश्लेषण ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. त्याला घरी पोचू द्या.

वैद्यकीय बाबतीत तर फार जपून. रिपोर्टचा फोटो ग्रुपवर आला तर तो काढून टाकायला सांगा आणि मुलाला त्या त्या तज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवा: गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, नाकाच्या पडद्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ. अपात्र ठरवल्यावर मिळणाऱ्या कागदावर अपीलची मुदत आणि ठिकाण लिहिलेलं असतं. ‘आधी तो कागद वाच, तारीख लिहून ठेव’ एवढंच ग्रुपने सांगावं. कानातला मळ काढून घेणं, वजन उंचीच्या प्रमाणात आणणं यांसारख्या गोष्टी बोर्डाच्या दोन-तीन महिने आधी सुचवता येतात. त्यापुढचं डॉक्टरांवर सोडा.

फोटो, पैसे आणि पालक

कॉल लेटर, प्रवेशपत्र, आधार, गुणपत्रिका यांचे फोटो टाकू नका. रोल नंबर, जन्मतारीख आणि मोबाइल एकत्र मिळाले की तुमच्या नावाने काहीही करता येतं. आनंद शब्दांतही सांगता येतो.

‘मेडिकलमध्ये सेटिंग करून देतो’, ‘मेरिटमध्ये नाव वर आणतो’ असे मेसेज निकालाच्या दिवसांत हमखास येतात. स्क्रीनशॉट ठेवा, ॲडमिनला कळवा, सायबर पोलिसांकडे तक्रार करा. एक रुपयाही देऊ नका. एसएसबीच्या तयारीसाठी पैसे भरण्याआधी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. तिथे महाराष्ट्रातल्या पात्र उमेदवारांना १० दिवसांचा कोर्स राहण्या-जेवणासह मोफत मिळतो, आणि माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. एनडीएची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेबद्दल विचारणा मात्र बारावीतले मुलगे करतात तेव्हा वाईट वाटतं. तिथला अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो. म्हणून हा मेसेज नववी-दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर जायला हवा.

पालकांनी प्रवास, खर्च, कागदपत्रं यांबद्दल जरूर विचारावं. त्या एंट्रीच्या एसएसबीला पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रवासखर्च मिळतो, तिकीट जपून ठेवायला सांगावं. पण ‘माझ्या मुलाला जीडीमध्ये (गटचर्चेत) काय बोलायचं ते सांगा’ हे आईवडिलांनी विचारू नये. ज्या मुलाला स्वतःचा प्रश्न चार अनोळखी माणसांत मांडता येत नाही, त्याला तोच सराव आधी करू द्यावा.

काम झाल्यावर ग्रुप सोडून जाऊ नका. बोर्डहून परतल्यावर आठवड्याभरात पाच-सहा ओळी लिहा: केंद्र, तारीख, स्टेशनवरून गाडी किती वाजता होती, मूळ कागदपत्रांत काय काय तपासलं, कशाच्या किती प्रती लागल्या, कुठल्या टप्प्यावर बाहेर पडलात किंवा राहिलात. आणि ज्याच्या सल्ल्याने काही सोपं झालं त्याला त्या मेसेजमध्ये टॅग करा, म्हणजे पुढच्या तुकडीला कळेल की कोणाला विचारायचं.