माळवदाच्या वाड्याला हात लावण्याआधी

‘पाडा अन् स्लॅब टाका’ हा सल्ला आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात चहाबरोबर फुकट मिळतो. किल्लारी याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात काय झालं हे ज्यांनी पाहिलं, ते दगडमातीच्या भिंतीखाली झोपायला अजून घाबरतात, आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण आजोबांचा सागवानी वाडा राखायचाच असेल तर भीती नेमकी कशाची ते आधी समजून घ्या.

पहिलं काम माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. दर उन्हाळ्यात गळती थांबवायला वर पांढरी माती टाकायची, जुनी मात्र कोणी काढायची नाही, ही आपली रीत. कोपऱ्यात किलचण, म्हणजे मातीखालचा लाकडी थर, लागेपर्यंत एक खड्डा घ्या आणि टेप लावा. दीड-दोन फूट निघाली तर नवल नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट, नऊ-दहा टन वजन! ती उतरवून आठ इंचांवर आणा. एकच खण, म्हणजे खांबांमधला एकच भाग, मोकळा करून दुसऱ्यावर ढीग घालू नका. सगळीकडून थोडी थोडी, सारखी काढा. उरलेल्या थरात जाड प्लॅस्टिक कागद अंथरला की दरवर्षी माती चढवायची गरजच उरत नाही.

मग खाली या. आपल्याकडच्या खणाच्या घरात छताचा भार बहुतेक लाकडी खांब-तुळया पेलतात. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक दाभणानं टोचून बघा. लोण्यासारखं आत गेलं तर वाळवी किंवा ओल. तिथं टेकू दिल्याशिवाय दुसरं काही करू नका आणि इंजिनिअरला बोलवा. लाकूड टणक असेल तर खांब-तुळईच्या सांध्यात तिरके आधार बोल्टनं कसून घ्या, सांगाडा डुलत नाही.

खरी गोम भिंतीत आहे. दोन-अडीच फूट जाड भिंत एकसंध वाटते, पण आत दोन वेगळ्या पडद्या असतात आणि मधे मातीत दगडगोटे भरलेले. धक्का बसला की दोन्ही पडद्या एकमेकींना सोडतात. ओळंबा लावा, बाहेरची बाजू पोट काढून असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागेल. बाकी भिंतीत आडवं-उभं मीटरभर अंतरानं आरपार जाणारा दुवा द्या. त्यासाठी एकेक दगड हलवत हलवत सुटा करायचा. घण घातला की शेजारचे चार निखळतात. भोकात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरा. एक भोक भरल्यावरच दुसरं.

सिमेंटचा उपयोग एवढाच. बाहेरून सिमेंटचा गिलावा कदापि नको. भिंतीतली ओल आत अडकते आणि मातीचा सांधा भुसभुशीत होतो. इंग्लंडात डेव्हनकडच्या माती-पेंढ्याच्या जुन्या कॉटेजचं हेच दुखणं. तिथं सरकारी यादीतल्या घराचं रूप पालटायचं तर आधी परवानगी लागते. आपला खासगी वाडा सहसा कुठल्याच यादीत नसतो, म्हणून अक्कल आपणच वापरायची. गिलावा आणि दर्जा (दगडांमधल्या सांध्यांची भरणी) चुन्यात करा, आणि चुना ओला ठेवून सावकाश सुकू द्या.

वाड्याचं वय हवं असेल तर कोरीव चौकटीवर विसंबू नका, जुनी चौकट दुसरीकडून आणूनही बसवतात. कागद बघा. निजामाच्या काळातले दस्त उर्दूत किंवा मोडीत सापडतील. वाचणारा मिळेपर्यंत फोटो काढून ठेवा, लॅमिनेशन करू नका.

हे सगळं अक्षय तृतीयेनंतर काढलं तर मृगाआधी उरकणं अवघड. होळी झाली की लागा. शेवटी पन्हाळाकडे, म्हणजे छताचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडे, उतार धरून माती चोपा आणि माळवदावर चार घागरी पाणी ओता. पाणी जिथं थांबेल तिथं खडूनं खूण करा, दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग पुन्हा चोपून घ्या.